वाचकांचे प्रश्न : सही नसलेला ड्रायव्हर आणि अडून बसलेला संगणक

यंत्र जोडले, ड्रायव्हर (म्हणजे ते यंत्र विंडोजला वापरता यावे यासाठीचा कार्यक्रम) टाकायला घेतला आणि विंडोजने डिजिटल सहीचे (फाइल कोणाची आहे आणि ती बदललेली नाही, हे दाखवणाऱ्या खुणेचे) कारण सांगून नकार दिला, अशा तक्रारींची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या छोट्या कारखान्यात ओतीव भागांची मापे घेणारे एक यंत्र यूएसबीने संगणकाला जोडलेले असते. जुना संगणक बंद पडल्याने आम्ही विंडोज ११ असलेला नवा घेतला. यंत्रासोबत आलेल्या सीडीतील ड्रायव्हर टाकताना ‘या आयएनएफ फाइलमध्ये डिजिटल सहीची माहिती नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन काम थांबते. यंत्र विकणाऱ्याने धंदा बंद केला आहे. शेजारच्या कारखान्यात हीच सीडी विंडोज १० वर बिनतक्रार चालते. संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ म्हणतात की, सहीची तपासणी कायमची बंद करून टाकू. तसे करावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शेजाऱ्यांच्या संगणकापासून सुरुवात करू, कारण त्यात अर्धे उत्तर आहे. त्यांच्याकडे सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ या विभागात ‘अबाउट’ उघडून ‘सिस्टिम टाइप’ वाचावे. तेथे ३२-बिट असे लिहिलेले असण्याची दाट शक्यता आहे. विंडोजच्या ३२-बिट आवृत्त्यांत सही नसलेला ड्रायव्हर टाकताना लाल पट्टीचा इशारा येतो, पण ‘तरीही टाका’ असे सांगण्याची मुभा असते. ६४-बिट आवृत्त्यांत मात्र, २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून, विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे सर्वाधिक अधिकार असलेल्या मध्यवर्ती भागात, चालणाऱ्या ड्रायव्हरला सही सक्तीची आहे. विंडोज ११ ची तर ३२-बिट आवृत्तीच नाही. तेव्हा आपल्या सीडीत केवळ ३२-बिट ड्रायव्हर असेल, तर सहीची तपासणी बंद करूनही तो चालणार नाही, कारण ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर स्वीकारतच नाही. ही गोष्ट दुरुस्ती करणाऱ्यांनी आधी पाहायला हवी होती.

आता मुख्य उपाय. यूएसबीने जोडल्या जाणाऱ्या अशा बहुतेक यंत्रांच्या आत एक तयार चिप बसवलेली असते, जी यूएसबीचे रूपांतर जुन्या पद्धतीच्या सीरियल पोर्टमध्ये करते. यंत्र विकणारा त्या चिपच्या उत्पादकाचा ड्रायव्हर घेतो, त्यावर आपले नाव घालतो आणि सीडीत देतो. विकणारा बाजारातून गेला, तरी चिपचा उत्पादक असतोच आणि त्याचा सही केलेला ताजा ड्रायव्हर मिळतो. चिप ओळखण्यासाठी यंत्र जोडून डिव्हाइस मॅनेजर उघडावा, पिवळे चिन्ह असलेल्या ओळीवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’ आणि तेथील यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. व्हीआयडी या अक्षरांपुढचे चार आकडे किंवा अक्षरे म्हणजे उत्पादकाची ओळख. तेथे ०४०३ असेल तर चिप एफटीडीआयची, १०सी४ असेल तर सिलिकॉन लॅब्जची, १ए८६ असेल तर डब्ल्यूसीएचची आणि ०६७बी असेल तर प्रॉलिफिकची. त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा विंडोज अपडेटमधील ‘ऑप्शनल अपडेट्स’मधून ड्रायव्हर घ्यावा. यात एक अडचण येऊ शकते. काही यंत्रविक्रेते चिपमधला पुढचा, पीआयडी नावाचा क्रमांक बदलून स्वतःचा घालतात. अशा वेळी चिप तीच असूनही तिचा सर्वसाधारण ड्रायव्हर तिला ओळखत नाही.

काही यंत्रे याहूनही सरळ असतात. ती स्वतःची ओळख ‘सीडीसी’ या प्रमाणित वर्गातील सीरियल साधन अशी करून देतात आणि त्यांच्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोज १० पासून विंडोजमध्येच असतो. अशा यंत्राची सीडी बाजूला ठेवून ते नुसते जोडावे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’खाली नवा कॉम पोर्ट (सीरियल पोर्टचे विंडोजमधले नाव) दिसतो का, हे पाहावे. सीडीत काही आहे म्हणून ते टाकलेच पाहिजे, असे नाही.

यांपैकी काहीच जमले नाही, तर आभासी संगणकाचा मार्ग उरतो आणि कारखान्यासाठी तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर यांसारखे सॉफ्टवेअर टाकून त्याच्या आत जुने ३२-बिट विंडोज बसवावे आणि ते यूएसबी यंत्र त्या आतल्या विंडोजला जोडून द्यावे. आत सहीची सक्ती नसल्यामुळे जुना ड्रायव्हर चालतो आणि बाहेरच्या विंडोज ११ च्या सुरक्षेला हात लावावा लागत नाही. आतल्या विंडोजला इंटरनेट देऊ नये. यंत्र यूएसबीऐवजी संगणकाच्या आत बसणाऱ्या कार्डावर चालत असते, तर हा मार्ग सहसा उपयोगी पडला नसता. तेव्हा एखादा जुना संगणकच नेटपासून तोडून त्या कामाला ठेवावा लागला असता.

राहिला प्रश्न तपासणी कायमची बंद करण्याचा. तपासणी एका वेळेपुरती बंद करण्याची सोय विंडोजमध्ये आहे : शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ निवडावे, मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या मार्गाने जाऊन संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ७ हा आकडा किंवा एफ-७ ही कळ दाबावी. सही आड येत आहे की दोष दुसराच आहे, हे ठरवण्यासाठी ही सोय चांगली आहे. पण संगणक पुन्हा चालू केला की तपासणी परत येते आणि ड्रायव्हर पुन्हा अडतो. दुरुस्ती करणारे ज्याला ‘कायमचे बंद’ म्हणतात, तो ‘टेस्ट मोड’ असतो. त्यात स्वतः तयार केलेल्या प्रमाणपत्राने सही केलेला ड्रायव्हर चालतो, पण मुळात सहीच नसलेला ड्रायव्हर त्यातही चालत नाही. म्हणजे आपल्या यंत्राला फायदा शून्य आणि संगणकाचे दार मात्र उघडे. ज्या संगणकावर कारखान्याची बँक आणि जीएसटीची कामे होतात, त्यावर हे करू देऊ नये.

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपच्या ग्राफिक्ससाठीचा नवा ड्रायव्हर ‘हे साधन या ड्रायव्हरला चालत नाही’ म्हणत होता. म्हणून मी आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून माझ्या साधनाचा क्रमांक त्यात एका ओळीत लिहिला. आता ‘फाइलचा हॅश कॅटलॉगमध्ये नाही, फाइल बिघडलेली किंवा छेडछाड झालेली असावी’ असा संदेश येतो. फाइल बिघडलेली नाही, हे मला ठाऊक आहे.
— एक विद्यार्थी वाचक, नाशिक

उत्तर : फाइल बिघडलेली नसली, तरी तिच्यात फेरफार झालेला आहे आणि संदेश नेमके तेच सांगतो. ड्रायव्हरच्या संचात साधारणपणे तीन प्रकारच्या फाइली असतात. आयएनएफमध्ये काय कोठे ठेवायचे आणि कोणत्या साधनाला लावायचे याच्या सूचना असतात, सिस ही प्रत्यक्ष चालणारी फाइल असते आणि कॅट म्हणजे कॅटलॉग. पंचनाम्याला मुद्देमालाची यादी जोडून तिच्यावर सही घ्यावी, तसा हा कॅटलॉग असतो. त्यात संचातील प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, नोंदलेला असतो आणि उत्पादकाची सही त्या यादीवर असते. आपण आयएनएफमध्ये एक स्वल्पविराम जरी वाढवला तरी तिचा ठसा बदलतो आणि यादीतील नोंदीशी जुळत नाही.

हाच संदेश काही हातून न घडताही येतो. झिप अर्धवट उघडली गेली, एका आवृत्तीची सिस फाइल दुसऱ्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये पडली किंवा डाउनलोड मध्येच तुटले, की असे होते. म्हणून इतर वाचकांनी आधी संच नव्याने उतरवून, रिकाम्या फोल्डरमध्ये उघडून पाहावा. नेमकी कोणती फाइल अडली, हे कळण्यासाठी सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरच्या आत आयएनएफ नावाचे फोल्डर आहे, त्यातील ‘सेटअपएपीआय डॉट डेव्ह’ ही नोंदवही उघडून अगदी तळापासून वर वाचत जावे. ज्या ओळीच्या सुरुवातीला तीन उद्गारचिन्हे आहेत, तेथे चूक घडलेली असते आणि बहुधा फाइलचे नावही तेथेच मिळते.

आपल्या बाबतीत लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने दिलेला जुना ड्रायव्हर मूळ स्वरूपात टाकणे, हाच मार्ग आहे. नव्या ड्रायव्हरच्या यादीत आपले साधन नाही, याचा अर्थ उत्पादकाने त्यावर तो तपासलेला नाही.

प्रश्न : आमच्या कर सल्लागाराच्या कार्यालयात विवरणपत्रांवर सही करण्यासाठी डिजिटल सहीचे यूएसबी टोकन आहे. त्यानेच ड्रायव्हरवर सही करता येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. आपले प्रमाणपत्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार परवाना मिळालेल्या संस्थेने व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावाने, कागदपत्रांवर सही करण्यासाठी दिलेले असते. ड्रायव्हरसाठी लागणारे प्रमाणपत्र निराळ्या जातीचे असते, आणि तेवढ्यानेही भागत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून नियम असा झाला की, गाभ्यात चालणारा नवा ड्रायव्हर उत्पादकाने मायक्रोसॉफ्टकडे पाठवायचा आणि त्यावर शेवटची सही मायक्रोसॉफ्टची असायची. या नियमातून तीन सवलती ठेवल्या गेल्या : जुन्या आवृत्तीवरून चढवत नेलेले संगणक, सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाच सह्या तपासणारी सोय) बंद असलेले संगणक आणि २९ जुलै २०१५ पूर्वी दिलेल्या प्रमाणपत्राने सही केलेले ड्रायव्हर. सही केलेला एकच जुना ड्रायव्हर कार्यालयातील एका संगणकावर चालतो आणि कोऱ्या विंडोजच्या नव्या संगणकावर अडतो, याचे कारण पुष्कळदा या सवलतींतच सापडते.

प्रश्न : फोटो लॅबमधील छपाई यंत्राचा संगणक विंडोज ७ वर आहे आणि तो मुद्दाम नेटला जोडलेला नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर एक साधन डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ५२’ दाखवते. ड्रायव्हर कंपनीचाच आहे आणि फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये सहीही दिसते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : कोड ५२ म्हणजे विंडोजला सही पडताळता आली नाही. सही नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. जुन्या ड्रायव्हरांवर एसएचए-१ पद्धतीची सही असे, पुढे ती एसएचए-२ पद्धतीची झाली. नुकतेच टाकलेले, अपडेट न मिळालेले विंडोज ७ ही नवी पद्धत पुरती ओळखत नाही, त्यामुळे खरी सही त्याला वाचता येत नाही. उपाय असा : सर्व्हिस पॅक १ असल्याची खात्री करावी, दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ ही दोन अपडेट उतरवून पेनड्राइव्हने न्यावीत, याच क्रमाने टाकावीत आणि संगणक पुन्हा चालू करावा. पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या संगणकावर तपासून घ्यावा, कारण नेटला न जोडलेल्या संगणकात विषाणू शिरतो तो बहुधा त्याच वाटेने.

संगणक जुना असल्यामुळे घड्याळही पाहावे. मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल संपला की, दर वेळी तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षी जाते. मग ड्रायव्हर टाकताना ‘प्रमाणपत्र मुदतीत नाही’ असा संदेश येऊ शकतो. सीआर २०३२ हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

प्रश्न : एका दुकानात संगणक दुरुस्त करून आणल्यापासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘टेस्ट मोड’ असे दिसते. ते घालवायला गेलो आणि बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू केले, तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. माझ्याकडे अशी कोणतीही किल्ली नाही. माहिती गेली का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : माहिती गेलेली नाही, पण किल्ली मिळेपर्यंत विंडोज पुन्हा टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. तसे केल्यावर मात्र ती जाईल. अनेक नव्या संगणकांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि तिची किल्ली त्याच खात्यात जमा होते. मालकाला याचा पत्ताही नसतो. मोबाइलवरून त्या खात्यात प्रवेश करून ‘डिव्हाइसेस’मध्ये ‘रिकव्हरी की’ शोधावी. पडद्यावर किल्लीच्या ओळखीची काही अक्षरे दिसतात, ती जुळवून योग्य किल्ली घ्यावी. तूर्त काम चालवायचे असेल, तर बायोसमध्ये सिक्युअर बूट पूर्वीसारखे बंद करून पाहावे. जुनी स्थिती परत आली की किल्ली न मागताही संगणक पुष्कळदा सुरू होतो.

विंडोज सुरू झाल्यावर क्रम असा ठेवावा. आधी किल्ली कागदावर लिहून घ्यावी. कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) दिसत असेल, तर त्याचे संरक्षण तात्पुरते स्थगित करावे. मग कमांड प्रॉम्प्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडून आज्ञा द्यावी. ती रोमन अक्षरांत, उच्चारानुसार अशी आहे : बीसीडीएडिट, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि लगेच सेट, जागा, टेस्टसायनिंग, जागा, ऑफ. संगणक पुन्हा चालू केल्यावर कोपऱ्यातील अक्षरे जातील, आणि त्यानंतरच सिक्युअर बूट चालू करावे. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण सिक्युअर बूट चालू असताना विंडोज ही नोंद बदलूच देत नाही.

टेस्ट मोड गेल्यावर एखादे साधन बंद पडले, तर दुकानदाराने तो मोड कशासाठी लावला होता, हे आपोआप कळेल. त्या साधनाचा सही केलेला ड्रायव्हर मिळतो का, हे पहिल्या उत्तरात सांगितलेल्या रीतीने शोधावे.

प्रश्न : किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक वजनकाटा यूएसबी ते सीरियल केबलने बिलाच्या संगणकाला जोडला आहे. विंडोज ११ आल्यापासून केबल चालत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘२०१२ पासून बंद, पुरवठादाराशी संपर्क साधा’ असे काहीसे इंग्रजीत लिहून येते. हीच सहीची भानगड का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : ही सहीची भानगड नाही. आपल्या केबलमध्ये प्रॉलिफिकच्या पीएल २३०३ या चिपची जुनी पिढी किंवा तिची नक्कल आहे. कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने जुन्या पिढीला साथ देणे थांबवले आहे आणि तो ड्रायव्हर रीतसर सही केलेला आहे. विंडोज १० वर याच केबल्स ‘कोड १०’ दाखवत. सहीची तपासणी बंद करून येथे काहीही साधणार नाही. कंपनीचा जुना, सही असलेला ड्रायव्हर टाकून डिव्हाइस मॅनेजरमधून तो हाताने निवडला की केबल चालू होते, पण विंडोज अपडेट तिला कधीतरी पुन्हा नव्यावर नेते. ऐन गर्दीत काटा बंद पडण्यापेक्षा एफटीडीआयच्या किंवा डब्ल्यूसीएचच्या सीएच ३४० या चिपची नवी केबल घेणे स्वस्त पडते. नकली चिपांवर उत्पादकांचा राग जुनाच आहे. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या एका ड्रायव्हरने नकली चिपांचा पीआयडी शून्य करून त्या निकामी केल्या होत्या आणि ओरड झाल्यावर तो मागे घ्यावा लागला.

प्रश्न : उबुंटूवर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकल्यावर ‘किल्ली नाकारली’ असा संदेश येतो. लिनक्सलाही सही लागते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सिक्युअर बूट चालू असेल तर लागते, पण येथे मालकाला स्वतःची किल्ली नोंदवता येते. ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक संकेतशब्द ठरवायला सांगते. संगणक पुन्हा चालू होताच निळा पडदा येतो, त्यात ‘एनरोल एमओके’ (मालकाची किल्ली नोंदवा) निवडून तोच संकेतशब्द द्यायचा असतो. हा पडदा थोडा वेळच थांबतो आणि पुष्कळ जण घाईत तो निसटू देतात. तसे झाले असेल, तर एमओकेयुटिल या आज्ञेने किल्लीची नोंद पुन्हा मागवून संगणक परत चालू करावा.

प्रश्न : सही असलेला ड्रायव्हर सुरक्षित, असे धरून चालावे का? आणि माझ्या संगणकावर सही असलेला एक जुना ड्रायव्हर अलीकडे अचानक ‘कोड ३९’ दाखवू लागला आहे, तो का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : धरून चालू नये. सहीवरून एवढेच कळते की, फाइल कोणाकडून आली आणि त्यानंतर ती बदललेली नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विषाणूच्या ड्रायव्हरांवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांची अस्सल सही होती. याखेरीज, प्रामाणिक कंपनीने सही करून दिलेल्या ड्रायव्हरातही भोके असतात आणि हल्लेखोर तो ड्रायव्हर सोबत आणून त्या भोकातून गाभ्यात शिरतात. अशा ड्रायव्हरांची एक बंदीची यादी मायक्रोसॉफ्ट ठेवते आणि विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून ती मुळातच चालू असते. तरीही सहीची अट मला योग्य वाटते. गाभ्यात चालणारा कार्यक्रम अँटिव्हायरसलाही गुंडाळून ठेवू शकतो, तेव्हा निदान तो कोणाचा आहे हे तरी कळले पाहिजे.

आपला कोड ३९ बहुधा ‘मेमरी इंटेग्रिटी’ या, गाभ्यात काय चालू द्यायचे याची कडक तपासणी करणाऱ्या सोयीमुळे आला आहे. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ आणि त्यात ‘कोअर आयसोलेशन’ उघडावे. ही सोय चालू असेल, तर तिच्या अटींत न बसणारा ड्रायव्हर सही असूनही चढत नाही. त्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधावी. न मिळाल्यास साधन आता वापरात आहे का, हे स्वतःला विचारावे, कारण अडणारा ड्रायव्हर पुष्कळदा कधीच विकून टाकलेल्या वेबकॅमचा किंवा स्कॅनरचा निघतो. तसे असेल तर पीएनपीयुटिल या आज्ञेने ड्रायव्हरांची यादी काढावी, उत्पादकाच्या नावावरून आणि तारखेवरून तो ओळखावा आणि त्याचे ‘ओईएम’ने सुरू होणारे नाव देऊन तो काढून टाकावा. साधन वापरात असेल आणि नवा ड्रायव्हर नसेल, तर ते साधन दुसऱ्या, कमी महत्त्वाच्या संगणकावर हलवावे. मेमरी इंटेग्रिटी बंद करण्याचा पर्याय त्याच पडद्यावर असतो, पण घरातील सर्वांचे पैशांचे व्यवहार ज्या संगणकावर होतात, त्यावर तो वापरू नये.